घोड्याची चाल आणि मुलाचा तोल
अश्वसाहाय्यित उपचारांविषयी एक अभ्यासलेख

गेल्या हिवाळ्यात आमच्या बालपुनर्वसन विभागात येणाऱ्या एका वडिलांनी तपासणी आटोपल्यावर दाराशी थांबून एक प्रश्न विचारला. त्यांची सहा वर्षांची मुलगी सेरेब्रल पाल्सीने बाधित आहे. दोन्ही पाय ताठर आहेत. धरून उभी राहते. परंतु आधाराशिवाय बसवली की काही क्षणांतच पाठीला पोक येऊन एका कुशीकडे कलते. सुटीत हे कुटुंब माथेरानला गेले होते. दस्तुरी नाक्यापासून पुढे मुलीला कडेवर घेऊन चालणे झेपेना, म्हणून वडील घोड्यावर बसले आणि मुलीला त्यांनी पुढ्यात घेतले. "मॅडम, अर्ध्या तासाने खाली उतरवली तेव्हा तिची पाठ सरळ होती. मांड्या इतक्या सैल झाल्या होत्या की कपडे बदलताना तिच्या आईला नेहमीसारखी झटापट करावी लागली नाही. रोज घोड्यावर बसवली तर?"

ती चालू लागेल का, हे त्यांनी विचारले नाही. पण विचारायचे होते ते तेच, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

दारात उभ्या उभ्या मी दिलेले उत्तर अपुरे होते. असाच प्रश्न अन्य पालकांनीही विचारला आहे, आणि रुग्णालयाच्या एका हितचिंतकांनी तर विभागासाठी घोडा भेट देण्याची तयारी दर्शविली आहे. तेव्हा ते उत्तर या अहवालाच्या निमित्ताने सविस्तर मांडणे उचित वाटते.

वडिलांनी पाहिले ते खरे होते

घोडा संथ कदमचालीने चालतो तेव्हा त्याचे चार पाय एकामागून एक, चार स्वतंत्र ठेक्यांत जमिनीवर पडतात. प्रत्येक पावलासरशी त्याची पाठ पुढे-मागे सरकते, डावीउजवीकडे किंचित कलते आणि थोडीशी वळतेही. पाठीवर बसलेल्या व्यक्तीच्या कंबरेला व कटिभागाला या तिन्ही दिशांची हालचाल एकाच वेळी मिळते. आपण पायी चालतो तेव्हा आपला कटिभाग जवळजवळ असाच हलत असतो. आपल्याला त्याची जाणीव नसते इतकेच. जे मूल कधीच चाललेले नाही, त्याच्या शरीराला चालण्याचा हा अनुभव दुसऱ्या कोणत्या मार्गाने देणे फार कठीण आहे.

घोड्याची पावले मिनिटाला साधारण १०० धरली, तर अर्ध्या तासात सुमारे ३,००० वेळा मुलाचा तोल किंचित ढळतो आणि त्याला तो सावरावा लागतो. आमच्या उपचारकक्षात मोठ्या चेंडूवर किंवा लोडावर बसवून आम्ही हेच करू पाहतो. परंतु पंधरा मिनिटांत उपचारकाचे हात भरून येतात, आणि मूल बहुधा त्याआधीच रडू लागलेले असते. घोड्यावर मात्र मूल रडत नाही (पहिली पाच मिनिटे वगळता), कारण तेथे तो व्यायाम राहत नाही.

मांड्या सैल होण्याचे कारणही समजण्याजोगे आहे. सेरेब्रल पाल्सीमध्ये मांडीच्या आतील बाजूचे स्नायू आखडून दोन्ही पाय एकमेकांकडे ओढले जातात. घोड्याच्या रुंद पाठीवर ते विलग होतात आणि चालीच्या लयीत त्यांना दीर्घकाळ हळुवार ताण मिळतो. त्यातच घोड्याच्या शरीराचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसाहून किंचित अधिक असते. ही ऊब स्नायूंना शिथिल करण्यास मदत करते. म्हणूनच उपचारासाठी बहुधा खोगीर न वापरता पाठीवर जाड कापडाची घडी किंवा गादी बांधतात आणि पाय रिकिबीत न अडकवता मोकळे सोडतात.

घोडा हे येथे भौतिकोपचारतज्ज्ञाच्या हातातील साधन असते, हे लक्षात घेतले पाहिजे. चाल थोडी लांब टाकावयास लावली की मुलाच्या धडाला अधिक काम पडते. घोडा थांबविला की धड पुढे झुकते आणि मुलाला ते मागे घ्यावे लागते. वर्तुळात फिरविला की बाहेरच्या कुशीचे स्नायू जागे होतात. मुलाला उलट, घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून बसविले, तर हातांवर भार घेण्याचा सराव होतो. कोणत्या मुलाला काय, किती आणि केव्हा द्यायचे, हा निर्णय तज्ज्ञाचा असतो. दुडकी चाल यात सहसा येत नाही. उपचार होतो तो कदमचालीवरच.

लिस हार्टेल

या उपचारपद्धतीचा जगभर प्रसार होण्यास ज्या एका व्यक्तीचे उदाहरण कारणीभूत ठरले, ती डॉक्टर नव्हती. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, गर्भवती असताना पोलिओ झाला. कन्या सुखरूप जन्मली. हार्टेल यांनी हळूहळू बरीचशी शक्ती परत मिळविली, तरी गुडघ्यांखालील पाय कायमचे लुळे राहिले. अश्वारोहणात स्वार घोड्याला पोटऱ्यांच्या दाबाने सूचना देतो. हार्टेल यांना ते शक्य नव्हते. त्यांनी 'ज्युबिली' नावाच्या आपल्या घोडीला पाठीच्या व वजनाच्या सूक्ष्म हालचालींवरून सूचना ओळखण्यास शिकविले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या शिस्तबद्ध अश्वारोहणाच्या प्रकारात लष्कराबाहेरच्या स्पर्धकांना व स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला, आणि त्यात हार्टेल यांनी रौप्यपदक पटकाविले. घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी त्यांना दुसऱ्याची मदत लागे. १९५६ मध्ये त्यांनी पुन्हा रौप्यपदक मिळविले.

ही हकीकत सांगताना मी पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगते. लिस हार्टेल यांचे पाय घोड्यामुळे बरे झाले नाहीत. त्या आजारापूर्वीच निष्णात स्वार होत्या, आणि पायांत जे गेले ते गेलेच. त्यांच्या उदाहरणाने जगाला जे दाखविले ते निराळे होते : पाय काम करीत नसतानाही धड, पाठ आणि तोल यांना किती शिकविता येते.

त्यानंतरच्या दोन दशकांत युरोप-अमेरिकेत संस्था उभ्या राहिल्या. ब्रिटनमधील अपंगांसाठीच्या अश्वारोहणाची संघटना आणि उत्तर अमेरिकेतील तशीच संघटना, दोन्ही १९६९ मधल्या. त्या काळी त्यांच्याकडे पोलिओग्रस्त पुष्कळ असत. आपल्याकडेही जुन्या पिढीच्या विश्वस्तांना कॅलिपर बांधलेल्या मुलांच्या रांगा आठवत असतील. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओरुग्ण २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. आज बालपुनर्वसन विभागाच्या बाकांवर बसलेली बहुसंख्य मुले सेरेब्रल पाल्सीची असतात, आणि तेथे प्रश्न केवळ लुळेपणाचा नसून ताठरपणाचा, तोलाचा, कित्येकदा गिळण्याचा व बोलण्याचाही असतो.

पुरावा काय सांगतो

देणगीदारांना हा भाग रुक्ष वाटेल, पण पैसा आणि आशा दोन्ही येथेच खर्ची पडतात.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात १५ मुलांचे दोन गट केले होते. एका गटाला ८ मिनिटे चालत्या घोड्यावर बसविले, तर दुसऱ्याला तेवढाच वेळ स्थिर पिंपावर पाय फाकवून. पाठीच्या व मांड्यांच्या स्नायूंतील विद्युत्-क्रिया मोजली असता घोड्यावरील मुलांत डाव्याउजव्या बाजूंचा असमतोल लक्षणीय घटला होता. पिंपावरच्या मुलांत तसे घडले नाही. म्हणजे केवळ पाय फाकवून बसणे पुरत नाही, घोड्याची चाल लागते. माथेरानच्या वडिलांनी पाहिले ते बहुधा हेच.

पण ८ मिनिटांचा परिणाम टिकतो का? दक्षिण कोरियात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९२ मुले होती. एका गटाला ८ आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घोड्यावर उपचार दिले. दुसऱ्या गटाने घरी व्यायाम केला. घोड्यावरील गटाच्या स्थूल हालचाली व तोल यांत अधिक सुधारणा दिसली. याउलट ऑस्ट्रेलियातील २००९ च्या अभ्यासात ९९ मुलांसाठी दहा आठवड्यांचा घोडेस्वारीचा कार्यक्रम योजला होता; त्यातून हालचाल, आरोग्य वा जीवनमान यांत लक्षणीय फरक आढळला नाही. माझ्या मते या दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियातील कार्यक्रम स्वारी शिकविण्याचा होता, तर कोरियातील मुलागणिक आखलेला उपचार होता. दोन्ही बाबतींत घोडा होता. फरक पडला तो बहुधा शेजारी कोण चालत होते आणि काय मोजून दिले जात होते यामुळे.

स्वमग्न मुलांविषयीचा पुरावा निराळ्या प्रकारचा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात ६ ते १६ वयोगटातील १२७ मुले सहभागी होती. तुलनेच्या गटालाही तबेल्यातच आणले जाई, घोड्यांविषयी सारे शिकविले जाई. मात्र खरा घोडा नसे, त्याच आकाराचा कापडी घोडा असे. दहा आठवड्यांनंतर खऱ्या घोड्यावर बसणाऱ्या मुलांची चिडचिड व अतिचंचलता अधिक कमी झाली, आणि ती अधिक शब्द वापरू लागली. तुलनेसाठी कापडी घोडा ठेवण्याची ही कल्पना मला फार आवडली.

मोठ्या माणसांविषयी थोडक्यात. पक्षाघाताच्या झटक्यानंतर १० महिने ते ५ वर्षे लोटलेल्या १२३ रुग्णांचा स्वीडनमधील अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. घोडेस्वारीच्या गटातील ५६ टक्के रुग्णांनी आपण बरे होत असल्याचे नोंदविले. ताल-संगीताच्या गटात ते प्रमाण ३८ टक्के, तर नेहमीच्याच दिनक्रमावर असलेल्या गटात १७ टक्के होते. झटक्यानंतर वर्ष उलटले की 'आता जे आहे ते आहे' असे घरच्यांना सांगून टाकण्याची जी सवय आपल्या वैद्यकीय क्षेत्रात आहे, तिला या आकड्यांनी थोडा धक्का द्यावा. युद्धाच्या आघाताने मनोविकार जडलेल्या ६३ माजी सैनिकांवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झालेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वारी नव्हतीच. आठ आठवडे घोड्याला खरारा करणे, त्याला हाताळणे, सोबत चालविणे एवढेच होते. लक्षणे बरीच कमी झाली. पण तुलनेचा गट नसल्याने तो प्रयोग सुरुवातीचाच समजावा.

खुब्याचा प्रश्न

आता उत्तरातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येते. दाराशी मी जे सांगावयास हवे होते आणि घाईत अर्धवट सांगितले, ते हे.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीतून हळूहळू बाहेर सरकण्याचा धोका असतो. स्नायूंची असमान ओढ हे त्याचे मुख्य कारण. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या २००६ मधील पाहणीत अशा मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलांत हे आढळले. चालू शकणाऱ्या मुलांत धोका अल्प, तर बसूही न शकणाऱ्या मुलांत तो फारच मोठा. सुरुवातीला वेदना नसते. मूल तक्रार करीत नाही. गोळ्याचा ३० टक्क्यांहून अधिक भाग वाटीबाहेर दिसू लागला की अस्थिव्यंगतज्ज्ञांचे लक्ष तेथे असावेच लागते. अशा खुब्यावर पाय ताणून अर्धा तास बसविणे हिताचे की अहिताचे, हे क्ष-किरण चित्र पाहिल्यावाचून कोणीही सांगू नये; घोडेवाल्याने नाही, आणि मीही नाही.

इतरही काही स्थिती आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांतील सांधा कधी कधी सैल असतो. घोड्याच्या हादऱ्याने तेथील मज्जारज्जूस इजा पोहोचू शकते. आटोक्यात नसलेली फेफरे, ठिसूळ हाडे, बैठकीवरील उघड्या जखमा, घोड्याच्या केसांची तीव्र ॲलर्जी, यांपैकी काही असेल तर घोड्यावर बसवू नये. डोक्यावर टणक शिरस्त्राण हवेच. सहलीच्या ठिकाणी ते बहुधा नसते, जमीन खडकाळ असते, आणि एक घोडेवाला एका वेळी दोन-तीन घोडे हाकीत असतो.

घोडा मिळणे सर्वांत सोपे

त्या उदार हितचिंतकांचे मनःपूर्वक आभार मानून हे लिहिते. घोड्यावरील एका मुलामागे चार माणसे लागतात : घोडा धरणारा, दोन्ही बाजूंनी मुलाच्या मांडीवर हात ठेवून चालणारे दोन साहाय्यक, आणि उपचारतज्ज्ञ. घोडाही कोणताही चालत नाही. तो स्वभावाने शांत, चारही पायांनी निर्दोष आणि समान पावले टाकणारा हवा. लंगडणारा घोडा मुलाला लंगडी चाल शिकवील. उंची आटोपशीर हवी, म्हणजे बाजूच्या माणसांचे हात मुलापर्यंत पोहोचतात. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू काटक व आटोपशीर म्हणून प्रसिद्ध आहे, आणि अलीकडे त्याला स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यताही मिळाली आहे. एखाद्या पागेने अशा कामासाठी त्याची निवड करावी असे मला मनापासून वाटते. परंतु घोडाही थकतो. दिवसभर एकामागून एक मुले बसवून त्याला राबविणे हा त्याच्यावर अन्याय, आणि मुलांनाही धोका.

स्वच्छतेचा विषय आपल्यासारख्या रुग्णालयाला टाळता येणार नाही. घोड्याच्या लिदीत व तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. मुलाचे व साहाय्यकांचे लसीकरण पूर्ण हवे. ग्लँडर्स हा घोड्यांचा प्राणघातक रोग माणसालाही होऊ शकतो. २००६ मध्ये तो महाराष्ट्रातच, पुणे व पाचगणी येथील घोड्यांत आढळला होता. तेव्हा पशुवैद्यकाच्या रक्ततपासणीवाचून कोणताही घोडा मुलांजवळ आणता येणार नाही. (घोडा रुग्णालयाला अगदीच परका नाही, हे येथे सांगितले पाहिजे. सर्पदंशाच्या रुग्णाला आपण जे प्रतिविष टोचतो, ते घोड्यांच्याच रक्तद्रवापासून तयार होते.)

म्हणून विश्वस्त मंडळाने विचारल्यास माझे मत असे आहे : आवारात घोडा बांधण्यापूर्वी विभागातील प्रत्येक सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा खुबा ठराविक काळाने क्ष-किरणाने तपासला जाईल, त्यासाठी पालकांना पैसे मोजावे लागणार नाहीत आणि बसभाड्यापायी कोणाची फेरी चुकणार नाही, एवढी तरतूद आधी व्हावी. त्यानंतर आमच्यापैकी एक-दोन उपचारकांना या पद्धतीचे रीतसर शिक्षण मिळावे, आणि एखाद्या चांगल्या पागेशी आठवड्यातून दोन सकाळींची व्यवस्था करावी. घोडा पागेतच राहावा. तेथे त्याला माती, सोबत आणि अनुभवी मोतद्दार मिळतो. रुग्णालयाच्या आवारात यांपैकी काहीच नाही.

त्या मुलीविषयी

पुढच्या फेरीत तिच्या खुब्यांचे क्ष-किरण चित्र काढले. डावा खुबा ठीक होता. उजव्याचा गोळा ३० टक्क्यांच्या किंचित पुढे बाहेर आलेला दिसला. आजवर तिचे असे चित्र कोणी काढलेच नव्हते. माथेरानला गेले नसते आणि तो प्रश्न विचारला नसता, तर आणखी किती काळ गेला असता कोण जाणे. अस्थिव्यंगतज्ज्ञांनी तूर्त घोड्यावर बसविण्यास मनाई केली, रात्री पाय विलग ठेवणारी पट्टी दिली आणि सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढण्यास सांगितले.

वडिलांचा चेहरा उतरला. मुलीने तर माझ्याशी बोलणेच सोडले, कारण 'घोडा बंद' हे मी सांगितले होते.

त्यांच्या वस्तीपलीकडे वरातीच्या घोड्या पाळणारे एक गृहस्थ आहेत, हे आईच्या बोलण्यात सहज आले. आम्ही विचार केला, की बसता येत नसेल तर उभे राहता येईल. पशुवैद्यकाकडून त्यांच्या एका वयस्क, शांत घोडीची तपासणी करविली, मुलीच्या धनुर्वाताच्या लसीची नोंद पाहिली आणि खराऱ्याला मऊ पट्टा शिवून दिला, म्हणजे तिच्या दुबळ्या उजव्या मुठीतून तो निसटू नये. रविवारी सकाळी, लग्नाची तिथी नसेल तर, वडील तिला गुडघ्यांना आधारपट्ट्या बांधून घोडीच्या कुशीशी उभी करतात. मालक लगाम धरून समोर उभे असतात. आई मागून कंबरेला धरते.

विभागातील उभे राहण्याच्या चौकटीत ही मुलगी पाच मिनिटांनी 'पुरे' म्हणते. घोडीजवळ ती वीस-वीस मिनिटे उभी असते. खांद्यापर्यंत हात पोहोचावा म्हणून तिला पाठ ताठ करून वर ताणावे लागते; तसे करावे असे तिला कोणी सांगत नाही. मध्ये घोडी अंग थरथरवते तेव्हा ती दचकते, आईच्या अंगावर रेलते आणि पुन्हा सरळ होते.

आता ती माझ्याशी बोलते. मात्र बोलणे बहुतेक घोडीविषयीचेच असते. खुब्याचे पुढील चित्र जूनमध्ये काढावयाचे आहे.